स्वस्त तपासणी कोणाला स्वस्त?

(जबलपूर येथे सिव्हिल लाइन्समध्ये मराठी भाषक साथींच्या बैठकीत एका निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. ग्रामीण व आदिवासी भागांत काम करणाऱ्या सर्व साथींना तो उपयुक्त वाटेल म्हणून येथे देत आहोत.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही तरुण साथींनी मला विचारले की, हिवतापाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी हा डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्यात आपण काय बोलणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी सुरुवातीलाच देतो. एखाद्या आदिवासी पाड्यावर तापाने फणफणलेल्या मजुराचे रक्त केव्हा तपासले जाईल, कोण तपासेल आणि त्याचा निकाल त्याच्या हाती केव्हा पडेल, हे औषधशास्त्र ठरवत नाही. ते अंदाजपत्रक ठरवते. अंदाजपत्रकात कोणाचा खर्च मोजायचा आणि कोणाचा मोजायचा नाही, हा राजकीय प्रश्न आहे. म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्याची तीस वर्षे मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून काढली. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, हे आपल्यापैकी वयस्क साथींना ठाऊक आहे. प्रांताची वाटणी झाली, पण जंगलाची आणि डासांची झाली नाही. मंडला, डिंडोरी, बालाघाट येथून निघालेला हा वनपट्टा गोंदियाला भिडतो आणि पुढे गडचिरोलीच्या एटापल्ली-भामरागडपर्यंत जातो. मंडल्याचा गोंड मजूर बांधकामावर नागपूरला जातो आणि ताप घेऊन परत येतो, किंवा ताप घेऊन जातो. मी ज्या भागात काम केले त्याविषयी बोलणार असलो, तरी महाराष्ट्रातील साथींनी हे परक्या मुलखाचे वर्णन समजू नये.

काचपट्टीचा प्रवास

१९४७ च्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरत असत, असा अंदाज सांगितला जातो. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी आणि तापाच्या रुग्णांचा शोध, ही त्याची दोन अंगे होती. आरोग्य कर्मचाऱ्याने पंधरा दिवसांतून एकदा घरोघर जायचे, ताप असलेल्याचे बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, त्याच वेळी क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या आणि काचपट्टी प्रयोगशाळेत पाठवायची. हा जो उपचार तपासणीच्या निकालाआधी दिला जाई त्याला गृहीत उपचार म्हणत. निकालात जंतू आढळले तर प्रायमाक्विनसह समूळ उपचार करायचा.

ही योजना कागदावर चांगली होती, आणि तिच्यात आपल्या शास्त्रज्ञांचे स्वतःचे कर्तृत्वही होते. रक्तलेप रंगवण्यासाठी आम्ही जे जेएसबी द्रावण वापरत असू ते जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये तयार केले होते. ते स्वस्त होते आणि झटपट रंग देई. खेड्यातील प्रयोगशाळेसाठी याहून सोयीचे साधन मिळणे अवघड होते.

परंतु काचपट्टीला पाय नसतात. आरंभी प्रयोगशाळा दहा-बारा लाख लोकवस्तीच्या युनिटच्या मुख्यालयात असे. तेथे काचपट्ट्यांचे ढीग साचत आणि निकाल महिनोन् महिने परत जात नसे. १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली तेव्हा सरकारला जाग आली आणि १९७७ च्या सुधारित कार्ययोजनेत ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आणण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. पण केंद्रावर सूक्ष्मदर्शक आला तरी तंत्रज्ञ आलाच असे नाही. तंत्रज्ञ आला तरी तीस-चाळीस किलोमीटर दूरच्या पाड्यावरून काचपट्टी रोज येईल असेही नाही.

येथे मला माझ्याच टेबलावरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकातील एका पावसाळ्याची ही हकीकत आहे. गावाचे व केंद्राचे नाव मी सांगत नाही. तशी गावे शेकड्यांनी होती. नाल्याला पूर आल्याने आरोग्य सेवक दहा दिवस केंद्रावर येऊ शकला नव्हता. आला तेव्हा त्याच्या पिशवीत दीडशेहून अधिक काचपट्ट्या होत्या. आधीच्या ढिगावर त्या पडल्या. एका काचपट्टीत मला फाल्सिपेरमचे जंतू दिसले. जाड लेपाच्या प्रत्येक दृश्यक्षेत्रात ते विखुरलेले होते. नोंदवहीत पाहिले तर ती एका सात वर्षांच्या मुलीची काचपट्टी होती, रक्त घेऊन सोळा दिवस झालेले होते. मी लाल शाईने निकाल लिहिला, उपचाराची चिठ्ठी आरोग्य सेवकाच्या हाती दिली. तो म्हणाला, "साहेब, ती मुलगी गेल्या आठवड्यात वारली." तिला रक्त घेताना क्लोरोक्विन दिलेले होते. ताप दोन दिवस उतरला आणि पुन्हा चढला. त्या वर्षीच्या अहवालात माझी तपासणी बिनचूक ठरली. खर्चही मर्यादेत होता.

साथींनो, बिनचूक आणि स्वस्त तपासणी निरुपयोगी कशी ठरू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तीन मार्ग आणि त्यांचे गुणदोष

तापाच्या रुग्णापुढे आरोग्यसेवेला तीन मार्ग असतात. पहिला, तपासणी न करताच हिवतापाचे औषध देणे. दुसरा, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासणे. तिसरा, जलद निदान चाचणी, म्हणजे आशाताईच्या पिशवीत असते ते कार्ड. रक्ताचा एक थेंब आणि द्रावणाचे काही थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत त्यावर रेघा उमटतात.

पहिला मार्ग एके काळी सर्वांत स्वस्त होता, कारण क्लोरोक्विन स्वस्त होते आणि बऱ्याच भागांत तापाचे प्रमुख कारण हिवतापच असे. पण १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्विनला दाद न देणारे फाल्सिपेरम आढळले आणि पुढे ते देशभर पसरले. २०१० पासून फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार देशभर लागू झाला. या औषधाचा इतिहास आपल्या साथींना ठाऊक असावा. अमेरिकी आक्रमणाशी लढणाऱ्या व्हिएतनामी सैनिकांना हिवतापाने ग्रासले होते. त्यांच्या मदतीसाठी चीनने १९६७ मध्ये एक गुप्त संशोधन प्रकल्प हाती घेतला. त्यातूनच हे द्रव्य हाती आले आणि तू यूयू या शास्त्रज्ञ महिलेला त्यासाठी २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. असे मोलाचे औषध प्रत्येक तापाला वाटत सुटणे म्हणजे त्याची धार स्वतःच्या हाताने बोथट करणे होय. शिवाय हिवताप समजून औषध दिलेल्या मुलाला न्यूमोनिया असेल, तर त्याचा बळी त्या गृहीतकानेच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सर्व संशयित रुग्णांची आधी तपासणी करण्याचा सल्ला दिला, तो याच कारणांनी.

दुसरा मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. एकदा घेतलेला सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे चालतो. तोच क्षयरोग्याच्या थुंकीच्या तपासणीलाही उपयोगी पडतो. एका काचपट्टीवरचा जादा खर्च अगदी थोडा असतो. जंतू कोणत्या जातीचा, किती संख्येने आहे, उपचारानंतर तो नाहीसा झाला की नाही, हे सारे त्यात कळते. परंतु त्याच्या काही अटी आहेत. लेप नीट हवा, द्रावण ताजे हवे, वीज हवी आणि मुख्य म्हणजे शिकलेला, न थकलेला माणूस हवा. जाड लेपाची शंभर दृश्यक्षेत्रे नीट पाहायची तर एका काचपट्टीला सहा ते दहा मिनिटे लागतात. म्हणजे पूर्ण दिवसात पन्नास-साठ काचपट्ट्या झाल्या तरी डोळे शिणतात. त्याच माणसाकडून दोनशेची अपेक्षा केली की तो वीस क्षेत्रे पाहून "ऋण" असा शिक्का मारू लागतो. मी असे शिक्के मारले नाहीत असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

तिसरा मार्ग कार्डाचा. या कार्डाच्या आरंभीच्या परीक्षणाशी आपल्या जबलपूरचा जवळचा संबंध आहे. १९८४ मध्ये येथे आदिवासींच्या आरोग्यासाठी प्रादेशिक वैद्यक संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय जनजातीय आरोग्य संशोधन संस्था. हिवताप संशोधन केंद्राची शाखाही येथे होती. डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मंडला जिल्ह्यातील जंगलातील गावांत जलद चाचण्या सूक्ष्मदर्शकाशी ताडून पाहिल्या. गावातील सामान्य कार्यकर्त्यालाही थोड्या शिक्षणाने ही चाचणी करता येते, हे अशाच कामातून सिद्ध होत गेले. बरगी धरणाच्या जलाशयाकाठच्या गावांत हिवताप कसा वाढला, हेही याच शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. विकासाचा खर्च मोजताना तो आकडा कोणी धरला होता काय, हा प्रश्न मी येथे नुसता मांडून ठेवतो.

हिशेबाची वही कोणाची?

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे मी उदाहरणासाठी मानलेले आहेत; प्रत्येकाने आपल्या भागातील आकडे घालून हा हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, दूरच्या एका पाड्यावर पावसाळ्यात तापाचे २०० रुग्ण निघाले. काचपट्टीला ५ रुपये लागतात आणि कार्डाला २५ रुपये. काचपट्टीने तपासणी केली तर १,००० रुपये खर्च झाले, कार्डाने केली तर ५,००० रुपये. लेखा कार्यालय म्हणेल, कार्डाने ४,००० रुपये जादा गेले. तेव्हा काचपट्टीच परवडते.

आता रुग्णाची वही उघडू. या दोनशेपैकी दहा जणांना फाल्सिपेरम आहे. काचपट्टीचा निकाल दहा दिवसांनी आला. तोवर प्रत्येकाची दहा दिवसांची मजुरी बुडाली. मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली तर दहा जणांचे ३०,००० रुपये झाले. कार्डाने त्याच दिवशी निदान होऊन उपचार सुरू झाला असता तर ते चार दिवसांत उभे राहिले असते आणि नुकसान १२,००० रुपयांवर थांबले असते. म्हणजे सरकारी तिजोरीने ४,००० रुपये वाचवले आणि त्यासाठी दहा मजुरांच्या खिशातून १८,००० रुपये काढून घेतले. यात बोगस डॉक्टरच्या सलाइनचा खर्च धरलेला नाही. त्या खर्चासाठी विकलेली शेळी धरलेली नाही, सावकाराचे व्याजही नाही. आणि दहांपैकी एखादा दगावला तर त्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

याला शास्त्राचाही आधार आहे. फाल्सिपेरमचे जे रूप डासाच्या पोटात गेल्यावर रोग पुढे नेते, ते रुग्णाच्या रक्तात साधारण आठ-दहा दिवसांनंतर दिसू लागते. तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार झाला तर हा रुग्ण इतरांना रोग देण्याआधीच बरा होतो. दहा दिवसांचा विलंब नेमका त्या घडीपर्यंत रुग्णाला नेऊन ठेवतो. म्हणजे उशिरा कळलेला एक रुग्ण पुढच्या अनेक रुग्णांचा खर्च जन्माला घालतो.

पण साथींनो, यावरून "कार्ड चांगले, सूक्ष्मदर्शक वाईट" असा निष्कर्ष काढू नका. हाच हिशेब प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात करून पाहा. तेथे तंत्रज्ञ बसलेला आहे, रुग्ण समोर आहे, निकाल तासाभरात मिळतो. तेथे प्रत्येक रुग्णावर कार्ड खर्च करणे उधळपट्टी आहे, आणि सूक्ष्मदर्शक त्याहून जास्त माहिती देतो. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: सूक्ष्मदर्शकाचा निकाल चोवीस तासांत मिळत असेल तेथे सूक्ष्मदर्शक, नसेल तेथे कार्ड. म्हणजे पद्धतीची खरी किंमत तिच्या छापील दरात नसते. ती रुग्ण आणि निकाल यांच्यामधील अंतरात असते. पुराच्या दिवसांत पर्लकोटा नदीने भामरागडचा रस्ता तोडला की पलीकडच्या गावासाठी सूक्ष्मदर्शक कितीही स्वस्त असला तरी तो अस्तित्वातच नसतो.

"खर्चाच्या मानाने परिणाम" ही भाषा आरोग्य क्षेत्रात कशी आली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा मान्य केला. त्यात प्राथमिक आरोग्यसेवेचा संबंध अन्न, पाणी, निवारा आणि लोकांचा सहभाग यांच्याशी जोडलेला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्श आणि वॉरेन यांनी असा युक्तिवाद केला की इतके सारे परवडणार नाही. एक मृत्यू टाळण्यास किती डॉलर लागतात ते मोजावे आणि निवडक उपायच करावेत. १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या अहवालाने हीच रीत धोरणाच्या पदाला नेली.

मोजण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. गरीब देशात एकेक रुपया मोजूनच खर्च केला पाहिजे आणि तो वाया जाऊ देणे हा जनतेचा द्रोह आहे. आपला आक्षेप अर्धवट मोजण्याला आहे. आरोग्य खात्याचा खर्च "खर्च" आणि मजुराच्या घरातील खर्च "त्याचे नशीब", असा हिशेब करणाऱ्याला आपण सांगितले पाहिजे की तुझी बेरीज चुकली आहे.

कार्डाच्या मर्यादा

कार्डाची भलावण करताना त्याचे दोष लपवणे आपल्याला शोभणार नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कार्डांची खोकी पडून राहिली तर ती बिघडतात. पाकीट फोडून ठेवले की दमट हवेने खराब होतात. जंतूंची संख्या फार कमी असेल तर कार्डावर रेघ उमटत नाही. उलट, बरा झालेल्या रुग्णाच्या रक्तात फाल्सिपेरमचे एक प्रथिन काही आठवडे राहते, त्यामुळे रेघ दिसतच राहते. म्हणून उपचार लागू पडला की नाही हे कार्डावरून ठरवता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की काही जंतूंमध्ये ते प्रथिन तयार करणारे जनुकच नाहीसे झालेले असते. अशा जंतूला फाल्सिपेरमचे नेहमीचे कार्ड पकडू शकत नाही. २०१० मध्ये पेरू देशातून ही गोष्ट प्रथम पुढे आली. २०१६ मध्ये जबलपूरच्याच संशोधकांनी देशातील आठ राज्यांतील नमुने तपासून आपल्याकडेही असे जंतू अल्प प्रमाणात आहेत हे दाखवले. आज प्रमाण अल्प आहे; पण सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकून सर्व भिस्त कार्डावर ठेवली, तर हे प्रमाण वाढल्याचे आपल्याला कळणार कसे? कार्डावर पहारा ठेवण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा आणि सूक्ष्मदर्शक पोहोचत नाही तेथे कार्ड हवे. "कार्ड आले, आता तंत्रज्ञाची जागा भरण्याचे कारण नाही" असे जो अधिकारी म्हणतो, तो काटकसर करत नाही. तो पुढील साथीची पेरणी करतो.

आणि कार्ड स्वतःहून पाड्यावर जात नाही. ते आशाताई नेते. २००५ नंतर देशाच्या ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भार या स्त्रियांवर टाकण्यात आला. हिवतापाच्या एका चाचणीमागे त्यांना केंद्राने ठरवलेला मोबदला अनेक वर्षे १५ रुपये होता. त्यांना कामगार न म्हणता "स्वयंसेविका" म्हटले गेले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली होती. जलद चाचणी स्वस्त पडते असे जे तक्ते सांगतात, त्यांतील स्वस्ताईचा एक भाग या स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमातून आलेला आहे. रात्री दार ठोठावणाऱ्या तापाच्या रुग्णासाठी उठणारी बाई कोणत्याही तक्त्यात फुकटच धरलेली असते.

शेवटच्या रुग्णाची किंमत

आता मी आजच्या सर्वांत मोठ्या धोक्याकडे येतो. हिवताप खरोखरच कमी झाला आहे. मंडला जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेदहा लाख होती. तेथील १,२३३ गावांत २०१७ पासून एक प्रात्यक्षिक प्रकल्प राबवण्यात आला. गावोगाव फिरणारे कर्मचारी नेमले, ताप असलेल्याची जागेवर चाचणी केली, लगेच उपचार दिला आणि रुग्ण बरा होईपर्यंत त्याचा माग ठेवला. २०१७ ते २०२० या काळात स्थानिक हिवताप ९१ टक्क्यांनी घटल्याचे प्रकल्पाने नोंदवले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांच्याबरोबर त्यात एका खाजगी औषध कंपनीचे प्रतिष्ठान होते. त्याविषयी आपली मते असतील; परंतु प्रकल्पाने दिलेला धडा आपल्याच बाजूचा आहे. पुरेशी माणसे, न संपणारा साठा आणि रोजची देखरेख मिळाली तर "मागास" म्हणून हिणवलेल्या आदिवासी जिल्ह्यातून हा रोग हटवता येतो. मग हे काम कायमच्या सरकारी यंत्रणेने प्रत्येक जिल्ह्यात का करू नये?

२०२३ मध्ये देशात सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले आणि तपासण्या मात्र दर वर्षी दहा कोटींहून अधिक होतात. म्हणजे शेकडो लोकांच्या तपासणीनंतर एक रुग्ण हाती लागतो. रुग्ण जितके कमी, तितका एक रुग्ण शोधण्याचा खर्च जास्त. हे गणित अटळ आहे. अशा वेळी लेखापाल विचारील की, एवढ्या ऋण काचपट्ट्यांवर पैसा का उधळता? कर्मचारी दुसऱ्या कामाला लावा.

साथींनो, हा प्रश्न या देशात एकदा विचारून झालेला आहे आणि त्याचे उत्तरही मिळालेले आहे. १९६५ मध्ये नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाख इतकेच उरले होते आणि मृत्यूची नोंद नव्हती. विजय मिळाला असे समजून भागामागून भाग सामान्य आरोग्यसेवेकडे सोपवण्यात आले. त्या सेवेची उभारणी मात्र झालेली नव्हती. काचपट्ट्या साचल्या, रुग्ण निसटले, डासांनी आणि जंतूंनी औषधांशी झुंजण्याची ताकद कमावली. अकरा वर्षांत एक लाखाचे ६४ लाख झाले. १९६५ नंतर जे पैसे "वाचवले" ते १९७६ मध्ये किती पटींनी फेडावे लागले, याचा हिशेब केला तर ऋण काचपट्टीची खरी किंमत कळेल. ऋण काचपट्टी वाया गेलेली नसते. ती त्या गावाच्या पहाऱ्याची नोंद असते.

आज सरकारचे उद्दिष्ट २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे आहे. आपण त्याचे स्वागत करतो. पण उद्दिष्टाची तारीख जवळ आली की आकडे घटवण्याचा सोपा मार्गही मोहात पाडतो. तपासणी कमी केली की रुग्णही कमी दिसतात. म्हणून रुग्णांच्या आकड्याबरोबर तपासण्यांचा आकडा मागण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आपले काम

शेवटी, आपण करायचे काय? मोर्चे आणि निवेदने आहेतच, पण त्याआधी एक साधे काम मी सुचवतो. जंगलपट्ट्यातील प्रत्येक शाखेने येत्या पावसाळ्यात एक वही घालावी. आपल्या गावातील प्रत्येक तापाच्या रुग्णापुढे तीन तारखा लिहाव्यात: ताप कधी आला, रक्त कधी तपासले, औषधाची पहिली मात्रा कधी मिळाली. यासाठी ना डॉक्टर लागतो ना अनुदान. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेतील अंतर हेच आपल्या आरोग्यसेवेचे मोजमाप आहे. हंगामाच्या अखेरीस ती वही ग्रामसभेपुढे वाचावी. मंडला आणि गडचिरोली यांसारख्या अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिलेले आहेत. ते अशाच कामासाठी वापरायचे असतात.

त्या वहीच्या बळावर आपल्या मागण्या उभ्या राहतील. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम नेमणुकीचा तंत्रज्ञ आणि चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक असावा. चोवीस तासांत निकाल मिळत नाही अशा प्रत्येक गावात आशाताईकडे पावसाळ्याआधी कार्डांचा आणि संपूर्ण औषधांचा साठा पोहोचावा. कार्डाच्या निकालांची सूक्ष्मदर्शकाने नियमित फेरतपासणी व्हावी. आशाताईला कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन मिळावे. आणि रुग्ण घटले म्हणून एकही पद रद्द होऊ नये.

आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळले पाहिजे. आपलेच कार्यकर्ते ताप आला की सुई मारणाऱ्याकडे धावतात आणि आशाताईच्या कार्डाला हसतात, हे मी पाहिले आहे. व्हायवॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. चौथ्या दिवशी बरे वाटले की त्या फेकून देणारेही आपल्यातच आहेत. सरकारी सेवेचे रक्षण करायचे तर ती आधी आपण वापरली पाहिजे, आणि तिच्यातील खोट तिला न सोडता दाखवली पाहिजे.

साथींनो, त्या सात वर्षांच्या मुलीच्या काचपट्टीवर थोड्या पैशांचाच खर्च झाला होता. माझ्या वरिष्ठांच्या दृष्टीने ती स्वस्त तपासणी होती. तिच्या आईने त्या तपासणीची काय किंमत दिली, ते कोणी लिहून ठेवले नाही. यापुढे ते लिहून ठेवणे, एवढेच मी आपल्याकडे मागतो.